गोल्डफिशच्या टँकमध्ये सोबतीला कोणते मासे चालतील?

टीपॉयवाली (डोंबिवली) | १८ एप्रिल, रात्री १०.५२

मंडळी, माशांवर इथे जुने धागे आहेत, पण ते सगळे 'मासे का मरतात' या विषयावर आहेत आणि माझे अजून जिवंत आहेत, म्हणून नवा धागा.

लेकीच्या वाढदिवसाला टँक घेतला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. त्यात एक केशरी ओरांडा (डोक्यावर फ्लॉवरचा गड्डा ठेवल्यासारखा दिसतो) आणि एक ब्लॅक मूर, बटबटीत डोळ्यांचा. तीन आठवड्यांपूर्वी दुकानदाराने काच साफ राहते म्हणून दोन इंची सकर (काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारा मासा) पण दिला. आतला फिल्टर आहे, शिवाय बुडबुडे सोडत झाकण उघडझाप करणारी खजिन्याची पेटी आहे.

गेले आठ दिवस मूर कोपऱ्यात तळाशी बसून असतो. लेकीचं निदान: तो बोअर झालाय, त्याला फ्रेंड्स आणा. दुकानदाराचं मत: चार टायगर बार्ब आणि एक एंजलची जोडी टाका मॅडम, टँक हलता राहतो. सासूबाईंचं म्हणणं: गोल्डफिश ठेवायचे तर आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊच ठेवावेत, काळा नजर घेतो. त्यांच्या बहिणीकडे तसे आहेत.

तिघांचं एकदम कसं जमवू? आणि मुळात गोल्डफिशबरोबर कोण राहतं?

खाऊनपिऊन | १८ एप्रिल, रात्री ११.१०

सोबतीला सुरमई चालेल. टँकमध्ये नाही, ताटात.

(जातो.)

पाचफुटी (कल्याण) | १८ एप्रिल, रात्री ११.४८

ताई, टायगर बार्ब आधी यादीतून खोडा. मासा वाईट नाही, पण समोर काही लोंबताना दिसलं की त्याला राहवत नाही. ओरांडाची शेपटी म्हणजे त्याच्यापुढे वाळत घातलेली ओढणी. मी सुरुवातीला हाच उद्योग केला होता. शुक्रवारी सहा बार्ब आणले, सोमवारी माझ्या फॅनटेल गोल्डफिशच्या शेपटीचा कंगवा झाला होता. मोठा कळप ठेवला की आपसात भांडतात आणि बाकीच्यांना सोडतात असं सांगतात. माझ्याकडे आपसातही भांडले आणि शेपट्याही खाल्ल्या.

एंजल दिसायला साधू, पण तो सिक्लिड, म्हणजे भांडखोर घराण्यातला आहे. मुळचा अमेझॉनच्या खोऱ्यातला, २५ ते २८ अंशांच्या पाण्यात खूश. गोल्डफिश हा कार्पच्या घराण्यातला, चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी तळ्यात पाळता पाळता रंगावर आलेला. त्याला १८ ते २३ अंश आवडतं. आत्ता एप्रिलात डोंबिवलीत दोघांनाही ३० मिळतंय म्हणून दुकानदाराचं खपून जातं. शिवाय गोल्डफिशइतकी घाण दुसरा मासा क्वचितच करतो, आणि त्या पाण्यात एंजल टिकत नाही.

आता माझे प्रश्न. पाणी किती दिवसांनी आणि किती बदलता? फिल्टर कसा धुता? अमोनिया कधी मोजलाय? तळाशी बसणारा मासा माझ्या अनुभवात दहापैकी नऊ वेळा कंटाळलेला नसतो, अमोनियाने भाजलेला असतो.

टीपॉयवाली | १९ एप्रिल, सकाळी ७.२०

भाजलेला?? 😟

पाणी दर रविवारी नवरा बदलतो. पूर्ण. मासे बादलीत काढायचे, खडे परातीत घेऊन नळाखाली खळखळून धुवायचे, फिल्टरचा स्पंज पांढरा होईपर्यंत पिळायचा, काच पुसायची, नळाचं पाणी भरायचं, निळ्या औषधाचे आणि अँटीक्लोरीनचे थेंब टाकायचे. दोन तास जातात. इतकं तो स्वयंपाकघरात करत नाही.

अमोनिया मोजायचा असतो हे आजच कळलं.

पाचफुटी | १९ एप्रिल, सकाळी ९.०५

बघा, सापडलं. भावजींची मेहनत वाया जातेय असं नाही, ती उलट काम करतेय.

मासा कल्ल्यांमधून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. स्पंजवर आणि खड्यांवर जे जिवाणू वस्ती करतात ते त्याचा नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचा नायट्रेट करतात. पहिले दोन विष, तिसरा बराच सौम्य, तो पाणी बदलून काढायचा. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्याकडे ती दर रविवारी नळाच्या क्लोरीनने धुऊन निघते आणि सोमवारपासून बिचारे पुन्हा पाया खणतात. म्हणजे टँक किती महिन्यांचा का असेना, जिवाणूंच्या हिशेबाने तो कायम आठवड्याचाच.

निळं औषध रोज लागणारी गोष्ट नाही. ते बुरशी वगैरेवर, वेगळ्या डब्यात. मुख्य टँकमध्ये ओतलं तर उरलेसुरले जिवाणूही मरतात.

थेंबांचा अमोनिया किट आणा आणि आकडा सांगा. तोवर नवा मासा एकही नको, अगदी सासूबाईंनी शपथ घातली तरी.

शेवाळवाली (पुणे) | १९ एप्रिल, दुपारी १.३०

पाचफुटींचं सगळं मान्य, पण अगं, तो सकर! त्याच्याबद्दल कुणीच बोललं नाही.

मूरच्या अंगावर, बाजूला किंवा पाठीजवळ, पांढुरके ओरखडे किंवा खवले उडालेला गोल डाग दिसतोय का बघ. सकर लहान असतो तोवर शेवाळ खातो, खोटं नाही. पण टँक नवा, त्यात नवरा काच पुसतो, म्हणजे शेवाळ उगवणार कुठून? मग रात्री अंधारात तो गोल्डफिशच्या अंगाला चिकटतो. गोल्डफिशच्या अंगावर जाडसर बुळबुळीत थर असतो, तो त्याला खरवडायला आवडतो. चपळ माशाला तो पकडू शकत नाही. ओरांडा, मूर, रांचू ही सगळी गोल पोटाची मंडळी रात्री तळाशी विसावलेली असतात, आणि मूरला तर त्या डोळ्यांनी धड दिसतही नाही.

आणि तो दोन इंचांवर थांबत नाही. दुकानात 'सकर' म्हणून जो मिळतो तो फूट-दीड फुटाचा होतो. तुझ्या टँकची रुंदी एक फूट. त्याला वळायचं तर मागे यावं लागेल, गल्लीत शिरलेल्या टेम्पोसारखं.

मुळामुठा | १९ एप्रिल, दुपारी २.१५

आणि नको झाला म्हणून तो खाडीत, तलावात, नदीत सोडू नका. पुण्य लागत नाही. दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, आपल्या नद्यांत त्याला खाणारं फारसं कुणी नाही. अंगावर खवल्यांच्या जागी चिलखतासारख्या पट्ट्या, परावर काटे, आणि नर काठाच्या मातीत बीळ करून अंडी राखतो. देशभर नद्या-तलावांत पसरलाय. आमच्याकडचे मासेमार सांगतात, जाळ्यात अडकला की जाळं फाटतं, बाजारात कुणी घेत नाही.

टोरोंटोकर | १९ एप्रिल, संध्या. ७.४०

इकडे उलटी गंगा. आमच्याकडे गोल्डफिशच तळ्यात सोडतात. इथून तासाभरावर हॅमिल्टनच्या बंदरात, ओंटारिओ सरोवराच्या टोकाला, गोल्डफिशचे थवे झालेत. घरातल्या टँकमध्ये बोटभर राहणारा मासा तिथे फूटभर वाढतो, वर बर्फ साचलं तरी खाली जिवंत राहतो. गाळ उकरून पाणी गढूळ करतो, वनस्पती उपटतो.

सोबतीबद्दल: इकडे गोल्डफिशबरोबर वेदर लोच ठेवतात. पूर्व आशियातला, सापासारखा वळवळणारा, थंड पाण्याचा, स्वभावाने गरीब. हवेचा दाब बदलला की अस्वस्थ होऊन वरखाली करतो म्हणून ते नाव. माझा दहा वर्षांचा आहे. भारतात मिळतो का?

शेवाळवाली | १९ एप्रिल, संध्या. ८.०२

क्वचित, आणि मिळालाच तर दुकानदाराला तो नक्की कोण हे माहीत नसतं. त्याच्या नावाखाली मला एकदा चायनीज अल्गी ईटर दिला होता. लहानपणी गोड, मोठेपणी सकरचाच भाऊ: अंगाला चिकटणारा आणि वर भांडखोर. तोही गोल्डफिशबरोबर नको, मंडळी.

नागपुरी_कूलर | २० एप्रिल, सकाळी ६.१५

उन्हाळ्याचं कोणी बोललंच नाही, तुम्ही मुंबईकडचे लोक ३० अंशाला गरम म्हणता. आमच्याकडे मे महिन्यात टँकचं पाणी ३४ ला जाते. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावते, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. म्हणजे पाणी तापलं की हवा कमी, आणि माशाला मात्र हवा जास्त लागते. त्यात तुम्ही सोबती वाढवता!

मी झाकण काढून पाण्यावर आडवा टेबलफॅन लावतो. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरते. रोज लोटाभर पाणी कमी होते, ते भरायचं. बर्फ थेट टाकू नका. लाइट गेली तर पेनसेलवर चालणारा एअर पंप ठेवा, मासेवाल्यांकडे मिळते. आमच्याकडे दोन तास लाइट गेली तेव्हा सात गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून पक् पक् करत होते, मुलगी ताटाने पाणी ढवळत बसली होती.

आजोळ_कोकणात | २० एप्रिल, सकाळी १०.३०

गप्पी चालतील का? आमच्या नगरपरिषदेचे लोक विहिरीत सोडायला फुकट देतात. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' वाले. तापमानाचा प्रश्न नाही, कशातही जगतात.

पाचफुटी | २० एप्रिल, सकाळी ११.२०

जगतात हो, पण गोल्डफिशच्या तोंडात मावतात. गोल्डफिश दुष्ट नाही, बावळट आहे: जे तोंडात जातं ते अन्न. पिल्लं तर दाण्यांसारखी जातील. नियॉन टेट्राचंही तेच. मोली आकाराने मोठी, पण उगाच मागे लागून अंगाला चोची मारते.

तोंडात मावतं पण घशाखाली जात नाही, हा त्याहून वाईट प्रकार. कोरीडोरास हा छोटा मिशीवाला तळाचा मासा 'गरीब, कोणाबरोबरही चालतो' म्हणून सर्रास देतात. घाबरला की पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे ताठ करतो आणि ते तसेच अडकून राहतात. माझ्या पाच इंची शुबंकिन गोल्डफिशने एक उचलला. सकाळी बघतो तर तोंड वासलेलं, आत कोरीची शेपूट. ओल्या फडक्यात मासा धरून चिमट्याने काढायला गेलो, काटा गालातून आरपार. दोघेही गेले.

झेब्रा डॅनिओ त्यातल्या त्यात बरा. आपल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुलखातला, थंडी-उन्हाळा दोन्ही सोसतो, आणि इतका सुळसुळीत की गोल्डफिशच्या हाती लागत नाही. पण तो सहाच्या कळपात हवा, टँक तीन-चार फुटी हवा, आणि सोबत लांब सडसडीत गोल्डफिश हवेत: कॉमेट, शुबंकिन. ओरांडाबरोबर ठेवलात तर दाणा पाण्याला लागायच्या आत डॅनिओ संपवतात आणि ओरांडा तोंड उघडून बघत राहतो. रोझी बार्बचंही साधारण तेच, मात्र तो टायगरपेक्षा पुष्कळ सभ्य.

शेवाळवाली | २० एप्रिल, दुपारी १२.०५

याच कारणाने गोल्डफिशमध्येही पंगत वेगळी लावावी लागते. सडसडीत एका शेपटीचे एका टँकमध्ये, गोल पोटाचे दोन शेपट्यांचे दुसऱ्यात. आणि दृष्टी अधू असलेले, म्हणजे मूर, बबल आय, वर बघणारा सेलेस्टियल, हे त्यांच्यातल्यात बरे. बबल आयच्या टँकमध्ये ती खजिन्याची पेटीसुद्धा नको, डोळ्यांखालची पिशवी घासून फुटते.

तुझे ओरांडा आणि मूर मात्र जमतात. बुडणारे दाणे दे, वर तरंगणारे नको. मूरच्या तोंडासमोर पडतील असे. आठवड्यातून एकदा उकडलेला मटार, साल काढून, चुरून. गोल्डफिशला पोट असं नसतंच, अन्न थेट आतड्यात जातं, त्यामुळे थोडं थोडं खाऊ घालायचं.

टीपॉयवाली | २० एप्रिल, रात्री ९.३५

किट आणला. नळीत थेंब टाकले, पाच मिनिटं थांबायचं होतं, लेक आणि सासूबाई दोघी नळीकडे डोळे लावून. रंग पिवळा राहायला हवा होता, झाला ढोबळी मिरचीसारखा हिरवा. तक्त्यावर २ आणि ४ च्या मध्ये.

आणि मूरच्या डाव्या बाजूला डाग आहे. पाच रुपयांच्या नाण्याएवढा नाही, पण वाटाण्याएवढा आहे. तिथली काळी मखमल निघून खाली पितळी दिसतंय. मला वाटलं होतं त्याचा रंग बदलतोय.

पाचफुटी | २० एप्रिल, रात्री ९.५०

लगेच अर्धं पाणी बदला. पूर्ण नाही, अर्धं. नळीने तळाची घाण ओढत काढा, नवं पाणी बादलीतच अँटीक्लोरीन घालून, त्याच तापमानाचं. उद्या, परवा, तेरवा पुन्हा अर्धं. दाणे दोन दिवस बंद, उपाशी मरत नाहीत. स्पंज धुवायचाच झाला तर टँकमधून काढलेल्या पाण्यात एकदा बुचकळायचा, बस्स.

टीपॉयवाली | २२ एप्रिल, पहाटे ४.०५

झोप उडाली आहे म्हणून आत्ताच लिहिते.

सासूबाईंना तीनला जाग येते. येता-जाता त्यांनी टँकवर मोबाइलचा टॉर्च मारला आणि मला हाक मारली, "अगं, हा मेला त्याला पितोय बघ!" मूर तळाशी खड्यांवर आडवा, आणि सकर त्याच्या कुशीला तोंड लावून, शेपूट हलकेच हलवत. मूर एकदा अंग झटकायचा, दोन बोटं पुढे जायचा, पुन्हा बसायचा. हा परत चिकटायचा. उजेड पडल्यावर पेटीमागे गेला.

सासूबाईंनी स्टूल आणून टँकशेजारी बसकण मारली आहे. हातात टॉर्च. म्हणतात, तू झोप, मी बसते.

शेवाळवाली | २२ एप्रिल, सकाळी ७.१२

सासूबाईंना साष्टांग नमस्कार सांग.

सकरला जाळीने पकडू नको, काटे जाळीत गुंततात आणि त्याच्यासकट जाळी कापावी लागते. प्लॅस्टिकचा डबा आडवा बुडव आणि हाताने त्याला आत हाकल.

टीपॉयवाली | २२ एप्रिल, सकाळी ११.४०

पकडला. श्रीखंडाच्या डब्यात आहे. दुकानदार परत घ्यायला तयार नाही, "सगळेच ठेवतात मॅडम, तुमचाच कसा चिकटतो" म्हणाला. कुणाला हवाय का?

पाचफुटी | २२ एप्रिल, दुपारी १२.३०

मी घेतो. पाच फुटी टँक आहे, दोन मोठे ऑस्कर मासे आहेत, त्यांना चिकटायला गेला तर तेच त्याला बघून घेतील. संध्याकाळी डोंबिवली स्टेशनला येतो.

चिकित्सक | २३ एप्रिल, सकाळी १०.००

धागा आवडला. पण मूळ प्रश्नाचं सरळ उत्तर कोणी देईल का? गोल्डफिशबरोबर काय ठेवायचं? आणि नऊचं गणित?

पाचफुटी | २३ एप्रिल, दुपारी १.४५

सरळ उत्तर: त्याच प्रकारचा दुसरा गोल्डफिश. जागा असेल तर. तो कळपात राहणारा मासा आहे, एकटा ठेवू नये एवढं खरं, पण त्याला टँकमध्ये 'विविधता' नको असते, ती आपल्याला हवी असते.

मासा नाही असा सोबती चालत असेल तर मिस्ट्री स्नेल, म्हणजे मोठी पिवळी किंवा निळसर गोगलगाय. उरलेले दाणे, शेवाळ खाते. गोल्डफिश तिच्या मिशा ओढून बघतात, ती दार लावून घेते, मग सोडून देतात. छोट्या गोगलगायी आणि कोळंबी मात्र फराळ. झाडं हवीत तर अनुबियास आणि जावा फर्न, लाकडाला दोऱ्याने बांधून. बाकी सगळी पालेभाजी समजून खातात.

नऊचं गणित: गोल पोटाच्या पहिल्या माशाला ७५ लिटर, पुढच्या प्रत्येकाला ४०, असा माझा हिशेब. ७५ अधिक आठ गुणिले ४० म्हणजे ३२०, झाले ३९५ लिटर. एका घनफुटात २८ लिटर पाणी. म्हणजे पाच फूट बाय दोन बाय दीड. नुसतं पाणीच चारशे किलोच्या वर, काच आणि लोखंडी स्टँड वेगळा. टीपॉयचा विचार सोडा. ताईंचा आत्ताचा टँक अडीच घनफूट, काठोकाठ भरला तर ७० लिटर. त्यात दोन आहेत तेच दाटीवाटीचे. पुढेमागे तीन फुटी घ्या, मग तिसऱ्याचा विचार, तोही आधी तीन आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवून. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नव्या माशाबरोबरच येतो.

खाऊनपिऊन | २३ एप्रिल, दुपारी २.०५

चारशे किलो. खालच्या मजल्यावरच्यांना सोबत हवीय का ते आधी विचारा.

टीपॉयवाली | १७ मे, रात्री ९.१५

अपडेट द्यायची राहिली होती.

पहिले दहा दिवस रोज अर्धं पाणी, मग दिवसाआड, आता आठवड्यातून दोनदा. नवऱ्याला रविवारचे दोन तास मोकळे मिळाल्यावर काय करावं सुचत नाहीये. आज नळी पिवळी राहिली, तीनदा बघितलं. स्पंज तपकिरी झालाय, त्याला हात लावायला कुणालाही बंदी आहे. मूर आता दिवसभर फिरतो. डागावर काळं भरत आलंय, मधला ठिपका अजून पितळी आहे.

नागपूरकरांचा टेबलफॅन चालू आहे. पाणी साडेअठ्ठावीसवर आलं.

एक मिस्ट्री स्नेल आणली, पिवळी. तीन दिवस टबमध्ये, मग आत. ओरांडाने तिची मिशी ओढली, ती दिवसभर रुसून बंद होती, आता काचेवर चढते. सासूबाई रात्री तीनला उठून तिला शोधतात.

नऊचं असं झालं: लेकीने केशरी घोटीव कागदाचे सात मासे कापून टँकच्या मागच्या काचेवर लावले. सासूबाईंनी चष्मा लावून मोजले. कागदाचे सात, ओरांडा आठवा, मूर नववा. बहिणीला फोटो पाठवला.

शेवाळवाली | १७ मे, रात्री ९.३२

❤️ कागद बाहेरून चिकटवलेत ना?

टीपॉयवाली | १७ मे, रात्री ९.३४

हो हो, बाहेरून. पण गोगलगाय आतून बरोबर त्यांच्यावरच जाऊन बसते.